वरून ओतलेलं तेल

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी विचारलं नाही असं नाही. सेलूच्या मोंढ्यासमोर आमचं भज्यांचं हॉटेल होतं. ते जळालं कसं, हे जुने लोक अजून विचारतात, आणि माझं उत्तर ठरलेलं असतं: वस्ताद पिऊन आला होता. हे चार शब्द मी इतक्या वेळा बोललो आहे की आता जीभ अडखळतही नाही. माझी बायको गेली तीही हेच खरं मानून गेली.

वस्ताद प्यालेला नव्हता. त्या दुपारी कढईत तेल मी ओतलं होतं.

वस्ताद म्हणजे आमचा भजी तळणारा कारागीर. ज्यांना हे सांगायला हवं होतं, तो आणि त्याची बायको, दोघंही आता नाहीत. मग आज का लिहितो? त्याच्या नातवाने गेल्या दिवाळीत स्टँडच्या बाजूला वडापावचा गाडा टाकला. मी चहाला बसलो होतो. एक जण हसत त्याला म्हणाला, "तुझा आज्जा पिऊन भट्टीत पडला व्हता. तू जपून रे, बाबा."  तो पोरगा खाली मान घालून वडे उलटत राहिला. मी चहा तसाच ठेवून उठलो. मी मेलो तरी माझे चार शब्द मरणार नाहीत, हे मला तिथे कळलं.

आधी कढईचं सांगतो.

हॉटेल वडिलांनी सुरू केलं. आम्ही लिंगायत वाणी. सकाळी आंघोळ, कपाळाला भस्म, गळ्यातल्या लिंगाची पूजा, मग भट्टीला हळदकुंकू, आणि मग कढईतल्या कालच्या तेलावर आजचं तेल. कढईचं बूड दिसू द्यायचं नाही, हा वडिलांचा नेम. तेल कमी झालं की वरून ओतायचं, पण कढई कधी रिकामी करायची नाही. कढईचं बूड दिसलं तर घराचं बूड दिसेल, असं ते म्हणत.

माझ्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा ते एका कार्याला वालूरला गेले. मला वाटलं, आपण एकदा कढई लख्ख करून दाखवू. मी सगळं तेल उपसलं, राखेनं कढई घासली आणि नवं करडईचं तेल ओतलं. भजी पांढरी निघाली. आत शिजलेली, पण वर रंगच धरीना. गिऱ्हाइकं म्हणाली, कच्ची आहेत. संध्याकाळी वडील आले. कढईत डोकावले. गरम तेलात झारा होता, तो काढला आणि माझ्या उजव्या मनगटावर ठेवला. मारला नाही, ठेवला. कातडी त्याला चिकटून आली.

"नवं तेल आंधळं असतंय," ते म्हणाले. "त्याला जुनं वाट दाखवतंय."

ती जागा अजून गुळगुळीत आहे, तिथे केस उगवत नाहीत. वडील वाईट माणूस नव्हते. पण आमच्या घरात शिकवण हातानेच दिली जायची. मीही पुढे तशीच दिली.

त्यांचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. कोऱ्या तेलाला भज्याचा रंग काढता येत नाही. थोडं वापरलेलं तेल पिठाला नीट लागतं, तांबूस रंग देतं. वरून ओतण्याचा नेमही त्यांच्या दिवसांत चालत होता, कारण कापसाच्या हंगामात मोंढ्यात गाड्यांची रांग लागायची आणि सकाळी काठोकाठ भरलेली कढई दुपारपर्यंत निम्मी व्हायची. भजी तेल पिऊन जात. निम्मं गेलं की निम्मं नवं पडे. जुन्याला जुनं व्हायला सवडच नसायची. कढई ताजी राहायची ती गर्दीमुळे, नेमामुळे नाही. आम्ही मात्र पूजा नेमाची करत राहिलो.

वडील गेल्यावर वस्ताद आला. त्याचं घर वालूरकडच्या मेंढरं राखणाऱ्यांचं. हा एकटाच लग्नाच्या पंगतीत तळण शिकून मेंढरांमागून सुटला होता. माझ्याच वयाचा, काळा, रुंद पंजाचा. तेल तापलं की नाही हे तो बेसनाचा थेंब टाकून ऐकायचा. बघायचा नाही, ऐकायचा. थेंब तळाला जाऊन वर येताना कसा चुरचुरतो त्यावरून सांगायचा, "अजून न्हाई, आप्पा." मला सगळे आप्पाच म्हणत. सहा महिन्यांत लोक आमच्या हॉटेलात जाऊ असं म्हणायचे बंद झाले. वस्तादाकडं जाऊ म्हणायचे. ते मला आवडायचंही आणि टोचायचंही. दारूचा थेंब त्याने कधी घेतला नाही. त्याच्या बापाने दारू पिऊन आईचा हात मोडला होता, म्हणून.

हॉटेलच्या मागे आमची पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनावर चालणारी. भज्यांची हरभरा डाळ तिथेच दळत असू. इंजिनाचं ऑइल मी रोज काडी घालून बघायचो आणि कमी दिसलं की वरून ओतायचो. एका सकाळी डाळ टाकताना इंजिनाने घरघर केली, काळा धूर सोडला आणि एका झटक्यात जागच्या जागी आवळलं. चालू चाक थांबलं, पण पट्टा थांबला नाही. तो सुटून माझ्या डाव्या कानावर बसला. मी खाली गेलो नाही, उभाच राहिलो, कानात सनई वाजल्यासारखा आवाज. पट्ट्याचं दुसरं टोक फिरून येत होतं. वस्तादाने मागून सदऱ्याला धरून मला इतक्या जोराने ओढलं की सदरा पाठीत फाटला. तो फटका पत्र्याच्या भिंतीवर बसला आणि भिंतीला खोल पोचा पडला. तिथे माझं डोकं होतं. त्या कानाने मला आजही ऐकू येत नाही.

फिटर आला. त्याने खालचं बूच काढलं. ऑइल सांडलंच नाही, ओघळलं, काकवीसारखं.

"कधी बदललं व्हतं?" त्याने विचारलं.

"बदललं न्हाई. पण कमी बी पडू दिलं न्हाई. रोज ओततो की."

फिटर हसला. दोन बोटांत ते ऑइल चोळून त्याने माझ्यापुढे धरलं. "आप्पा, वरून ओतल्यानं पातळी भरती. खालचा गाळ हाय तिथंच. नवं ऑइल त्या गाळात जाऊन बसायलंय, दोन दिसात त्याची बी तीच गत. हात लावून बघा. ज्यानं घसरवायचं, तेच धरायलंय."

वस्ताद मागे उभा होता. म्हणाला, "ऐकलं का, आप्पा? आपल्या कढईचं बी हेच हाय."

"कढई काय इंजिन हाय व्हय रे?"

"न्हाई. इंजिनातलं कुनी खात न्हाई."

फिटर पुन्हा हसला. डोक्याला फडकं गुंडाळलेलं असताना मीही हसलो. त्या वेळी मी ऐकलं असतं तर पुढचं लिहायची वेळ आली नसती.

नंतरच्या वर्षांत गिरणी मी बंद केली, नवा रस्ता गावाबाहेरून गेला. समोर दोन नवी हॉटेलं उभी राहिली. उन्हाळ्यात तर मोंढा ओसच. करडईचं तेल सोडून मी सरकीचं आणायला लागलो. कढई सकाळपासून आचेवर असायची आणि घाणे निघायचे चार-पाच. तेल जळायचं खूप, खपायचं थोडं. खपलं थोडं म्हणून वरून पडायचंही थोडंच. एक तांब्या नवं तेल त्या काळ्यात पडलं की घटकेत तेही काळं. कढईच्या काठाला लाखेसारखा चिकट थर धरला. भजी वरून करपायची, आतून कच्ची राहायची, हातात धरली की बोटं तेलाने माखायची. घाणा टाकला की साबणासारखा बारीक फेस वर यायचा आणि बसायचाच नाही.

वस्ताद रोज सांगायचा. "आप्पा, हे तेल थकलंय. वरून किती बी वता, जुनं नव्याला खायलंय."

"वडलांची कढई हाय ती."

"मग त्यास्नीच खाऊ घाला."

असं तो तोंडावर बोलायचा. मी ऐकून घेत होतो, कारण त्याच्यासारखा तळणारा तालुक्यात नव्हता. आणि खरं सांगायचं तर कढई उपसायची म्हटलं की माझं उजवं मनगट आजही गरम होतं. वडील जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला वाटायचं ते मागून येतील आणि डोकावतील.

तो बाजारचा दिवस होता, चैत्रातला. दुपारची वेळ. एका गाडीवानाने भज्याचा एक घास घेतला आणि ताट उचलून माझ्या गल्ल्यावर आपटलं. भजी माझ्या छातीवर उडाली.

"आप्पा, गिरनी बंद केली म्हनून उरलेलं ऑइल हितं वापरायलाव का?"

बाकावरची माणसं हसली. ते हसू मला सहन झालं नाही. मी सदरा झटकला नाही, उठून सरळ भट्टीजवळ गेलो, वस्तादाच्या हातातला झारा घेतला आणि त्याच्या मनगटावर मारला. एकदा नाही. तीनदा. तिसऱ्या वेळी हाड वाजलं. माझ्याच वडिलांचा झारा होता तो.

वस्तादाने मनगट दुसऱ्या हातात धरलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लोकांकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "मारा. पण कढई उपसा. मी ह्या तेलात आता घाणा सोडणार न्हाई."

"मालक कोन हाय?"

"मालक तुमी. कढई तुमची. पण खाणारा वस्तादाचं भजं म्हनून खातोय. नाव माझं हाय."

आज वाटतं, त्या माणसाने माझ्याकडे दुसरं काहीच मागितलं नव्हतं. फक्त नाव राखायचं होतं त्याला.

"मग हो बाजूला," मी म्हणालो. "तुज्याबिगर भट्टी बंद पडत न्हाई."

तेलाचा डबा पाण्याच्या रांजणाखाली ठेवलेला असे. रांजण पाझरायचा आणि डब्याचं झाकण कधीच हरवलेलं होतं. वस्ताद डबा कधी थेट कढईत ओतत नसे. आधी पातेल्यात ओतायचा, तळाशी पाणी धरलंय का बघायचा, मग आच कमी करून वाटीने सोडायचा. हे मी रोज बघत होतो. त्या दिवशी मी डबा दोन्ही हातांनी उचलला. आच भरात होती. तेल धूर सोडत होतं.

"आप्पा, आदी पातेल्यात वता," तो म्हणाला. "खाली पानी असंल."

हे मी उजव्या कानाने ऐकलं. ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय मला नाही. मी डबा पालथा केला.

आधी कढई गप्प झाली. मग तळातून गुडगुड आवाज आला आणि फेस उठला. चांगल्या तेलाचा फेस वर येतो आणि फुटतो. हा फुटलाच नाही. थरावर थर चढत वर आला, काठावरून उतरला आणि भट्टीच्या तोंडात शिरला. पुढचं मी डोळ्यांनी बघितलं पण क्रमाने आठवत नाही. आग छताला लागली होती एवढं आठवतं. वस्तादाने मला खांद्याने ढकललं, मी बाकावर पडलो. त्याने गोणपाट घेऊन कढईचे कान धरले, ती उतरवायला. डाव्या हाताने जोर लावला, पण उजवं मनगट मी मोडलेलं होतं. ते वळलं. कढई त्याच्याकडे कलंडली.

लोक सांगतात तो ओरडला नाही, नशेत होता म्हणून त्याला कळलंच नाही. तो ओरडला. मी चार हातांवर होतो. आईला हाक मारली त्याने. गोणपाट तेलाने भिजलेलं होतं, ते पेटलं, आणि ते त्याच्या हातांना चिकटलेलं होतं.

त्याने मला पट्ट्याखालून ओढलं होतं. मी त्याला ओढलं नाही. मी रस्त्यावर पळालो. मोंढ्यातले दोन हमाल आत शिरले आणि त्यांनी घोंगडी टाकून त्याला बाहेर आणलं. जळालेल्या माणसाचा आणि करपलेल्या भज्यांचा वास वेगळा येत नाही, हे मला कुणी विचारलेलं नाही, पण लिहून ठेवतो.

गर्दी जमली. कुणीतरी माझा दंड धरून विचारलं, "आप्पा, झालं काय?"

मी म्हणालो, "वस्ताद पिऊन आला होता."

ठरवून बोललो नाही. पण तोंडातून ते गेल्यावर सगळ्यांनी माना हलवल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि मला थंड वाटलं. मग मी ते परत बोललो.

परभणीला दवाखान्यात जबाब घ्यायला हवालदार आला. वस्ताद खाटेवर, दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे गुंडाळलेले. त्याची बायको खाली फरशीवर बसली होती. मी जबाब दिला. ती उठून हवालदारापुढे आली. "खोटं हाय, साहेब. हे शिवत न्हाईत दारूला." हवालदाराने खाटेकडे बघितलं. "काय रे? घेतली व्हतीस?"

वस्तादाने मान वळवून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ. मी नजर काढली नाही, एवढा मी निर्ढावलो होतो. माझ्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं ते मला माहीत नाही.

"आप्पा म्हनतेत ना?" तो म्हणाला. "मग लिहा तसंच."

का म्हणाला, हे मी तीस वर्षं विचारतो आहे. आपला माणूस खोटं बोलतो हे हवालदाराला सांगायची त्याला लाज वाटली असेल, इतकंच मला सुचतं.

आठवड्याने राखेतून कढई काढली. उलटी पडली होती. मी एकदा घासलं तेवढं सोडलं, तर वडिलांनी आणि मी मिळून पन्नास वर्षं जे बूड कुणाला दिसू दिलं नाही, ते मी बघितलं. त्यावर बोटभर जाड काळं कवच होतं, डांबरासारखं. मी ते छिन्नीने फोडलं. आत थर दिसत होते, एकावर एक. रोज ओतलेलं नवं तेल तिथे जाऊन बसलं होतं. ती कढई मी भंगारात दिली नाही, पुन्हा भट्टीवरही चढवली नाही. गोठ्यात पडून आहे.

वस्तादाची बोटं एकमेकांना जुळली. झारा धरता येईना. पण डाव्या हाताने शिकला असता, तसा हट्टी होता. दोन हॉटेलांत गेला. तिथे त्याला म्हणाले, "बेवड्याला भट्टीपुढं उभं करू व्हय?" मग तो परत मेंढरांमागे गेला.

मी त्याला सांगायला गेलो नाही असं नाही. एकदा घरी गेलो तर तो कळप घेऊन येलदरीकडे उतरला होता. खरं म्हणजे तो नाही हे कळल्यावर मला हलकं वाटलं. पुढे एकदा वालूरच्या बाजारात गाठ पडली. एका भज्याच्या गाड्यापाशी आम्ही शेजारी उभे राहिलो. तो थोडा वेळ कढईकडे कान देऊन होता. मग म्हणाला, "तेल चांगलं हाय ह्याचं. खपायलंय म्हनून." माझ्या तोंडात सगळं तयार होतं. मी विचारलं, "मेंढरं किती हायेत सद्या?" तो म्हणाला, "हायेत पोटापुरती." पुडीतली दोन भजी त्याने तळहातांत दाबून धरून माझ्यापुढे केली, कारण बोटांनी त्याला देता येत नव्हतं. मी खाल्ली.

तो गेला ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी गेलो. पुरुषमंडळी अंगणात बसली होती. त्याच्या बायकोने मला पाणी आणून दिलं आणि तिथेच दाराच्या उंबऱ्यावर बसली. केस पांढरे झाले होते. दवाखान्यात हवालदारापुढे उभी राहिलेली बाई तीच होती.

"आप्पा," ती हळूच म्हणाली, "एक इचारू का? मी तवा लय भांडले. पन गाव इतकी वर्षं म्हनायलंय, तर मला बी वाटाया लागलं, घेतली बी असंल एखांदं टायमाला. जाताना मला म्हनले, मी घेतली नव्हती गं. मी म्हनलं, असू द्या आता. तुमी व्हता तिथं. तुमीच सांगा, खरंच घेतली व्हती का वो यांनी?"

अंगणातली माणसं बोलत होती. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी तो खाली ठेवला आणि म्हणालो, "जुन्या गोष्टी आता कशाला काढता, वहिनी?"

तिने मान हलवली आणि तांब्या उचलून आत गेली. दोन वर्षांनी, या संक्रांतीनंतर, तीही गेली. पुढचे शब्द त्या उंबऱ्यापासून माझ्या तोंडात तसेच आहेत.

वहिनी, त्यांनी घेतली नव्हती. मनगट मी मोडलं, तेल मी ओतलं, आणि ते जळत असताना मी पळालो. माफ करा मला.